जुन्या रेसिंग कारच्या मॉडेलवर वॉटरस्लाइड डेकल कसं लावावं

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायचं पातळ छापील चित्र, पाण्यात टाकण्याआधी एक गोष्ट पक्की करा: मॉडेल नेमक्या कोणत्या शर्यतीतल्या गाडीचं आहे? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये नंबर त्या त्या शर्यतीचे आयोजक देत. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण आकडा दर वेळी वेगळा. लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला धावली, तेव्हा जिम क्लार्कच्या गाडीवर ५ होता आणि ग्रॅहम हिलच्या गाडीवर ६. तेव्हाचा रंग हिरवा, मधून पिवळा पट्टा. गोल्ड लीफ या सिगारेट ब्रँडचा लाल-पांढरा-सोनेरी साज १९६८ चा. ६७ च्या गाडीवर सिगारेटचं नाव चढवलं, की मॉडेल चुकलंच. म्हणून त्याच शर्यतीचे, गाडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो समोर ठेवा. आकाराचा हिशोबही करून बघा: मूळ गाडीवरचं पांढरं वर्तुळ ४५ सें.मी. असेल तर १:४३ प्रमाणाच्या मॉडेलवर ते साधारण १०.५ मि.मी. भरतं आणि १:१८ ला २५ मि.मी.

जुना डेकल-संच असेल तर आधी नको असलेला एखादा तुकडा भिजवून बघा. तो फुटला, तर उरलेल्या कागदावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मारून रात्रभर वाळू द्या. यानंतर मात्र सगळी डेकल्स एकाच पापुद्र्यात अडकतात, त्यामुळे प्रत्येक डेकल छापाच्या अगदी कडेने कापावं लागतं.

मॉडेल कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने पुसून घ्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर डेकल धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं तर मॉडेलच्या पोटाखाली आधी चाचणी करा. कारखान्यात छापलेली अक्षरं त्याने निघू शकतात. पृष्ठभाग मॅट असेल तर ग्लॉसचा थर हवाच. खरबरीत रंगाच्या खळग्यांत हवा अडकते आणि डेकलची पारदर्शक कड चांदीसारखी चमकू लागते. बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात आणि हा दोष नंतर काढणं फार जिकिरीचं असतं.

आता डेकल चिमट्याने धरून कोमट पाण्यात १०-१५ सेकंद बुडवा, मग टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच सुटेपर्यंत ठेवलं तर गोंद धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट (डेकल धरून ठेवायला मदत करणारं द्रावण) लावा, कागद टेकवा आणि ओल्या ब्रशने डेकल सरकवा. उचलून ठेवायला जाऊ नका, ते गुंडाळलं जातं. जागा जमली की ओल्या कॉटन बडने मधून कडेकडे पाणी काढा.

गाडीच्या नाकाच्या गोलाईवर पट्टा बसत नाही, कारण सपाट पापुद्र्याला दोन्ही दिशांना वाकायचं असतं. कडेला एक-दोन बारीक चिरा द्या आणि वरून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रावण) लावा. काही मिनिटांत डेकल सुरकुततं. घाबरू नका आणि बोटही लावू नका, कारण त्या वेळी ते ओल्या सायीइतकं नाजूक असतं. वाळताना ते आपोआप ताणून बसतं. काही तासांनी बुडबुडा दिसलाच, तर बारीक सुईने टोचून पुन्हा सोलचा थेंब सोडा. जोडांच्या रेषांवर डेकल धारदार ब्लेडने चिरलं, की पट्टा रंगवल्यासारखा दिसतो.

लाल किंवा गडद हिरव्या रंगावर पांढरं वर्तुळ बहुधा गुलाबी किंवा हिरवट दिसतं. पांढरी शाई पातळ असते. पहिलं वर्तुळ पूर्ण वाळल्यावर त्यावर दुसरं लावा, आकडा शेवटी.

एक-दोन दिवसांनी गोंदाचे डाग ओल्या कापडाने पुसा. मग क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) धुक्यासारखा, दोन-तीन विरळ हातांत मारा, मध्ये पुरेसं वाळू देऊन. लॅकर एकदम भिजेल इतकं फवारलं तर त्यातलं सॉल्व्हंट डेकल आक्रसवतं.