हेपॅटायटिस बीचं पहिलं इन्फेक्शन लावताना

हेपॅटायटिस बीच्या लॅबमध्ये पोस्टडॉकला जाणार असाल, तर लसीचं आधी बघा. तीन डोस असतात: आज, महिन्याभरानं आणि सहाव्या महिन्यात. त्यानंतर महिन्याभरानं अँटीबॉडी मोजायच्या, आकडा किमान 10 mIU/mL हवा. मी तो रिपोर्ट न घेताच जर्मनीत पोचले आणि पहिले पाच आठवडे व्हायरसला हात न लावता दुसऱ्यांच्या खांद्यावरून डोकावत काढले.

आता पेशी, म्हणजे प्लेटमध्ये वाढवून ज्यांना हा व्हायरस लावायचा त्या. या व्हायरसचं यकृताच्या पेशीत शिरायचं दार, एनटीसीपी, 2012 साली बीजिंगमध्ये सापडलं, तेही तुपाया नावाच्या खारीसारख्या प्राण्याच्या पेशींतून. साध्या हेप-जी-टू पेशींत (यकृताच्या गाठीतून आलेल्या, लॅबमध्ये वाढवतात त्या) हे दार नसल्यातच जमा, म्हणून त्यात एनटीसीपीचं जीन घातलेल्या पेशी वापरतात. या पेशी हट्टी, सारख्या गठ्ठे करतात. प्लेटला आधी कोलॅजन लावा, नाहीतर धुताना पोपडे निघावेत तशा निघतात.

व्हायरस घालताना मीडियममध्ये (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात) 4 टक्के पीईजी, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आणि अडीच टक्के डीएमएसओ हे द्रावक. पीईजी मधासारखं चिकट असतं, सावकाश ओढा. रात्रभर, साधारण सोळा तास, 37 अंशांवर ठेवा.

सकाळी धुवायचं. इथेच मी आपटले. दोनदा धुतलं, सहाव्या दिवशी सरफेस अँटिजेनची (व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन) एलायझा लावली, ते प्रोटीन असेल तर रंग येतो ती चाचणी, आणि वेल (प्लेटमधले छोटे खळगे) पिवळेधमक! बॉसला दाखवायला प्लेट घेऊन गेले. तिनं एवढंच विचारलं, "मिरक्लुडेक्सची वेल कुठंय?" मिरक्लुडेक्स, म्हणजे बुलेव्हिर्टाइड, ते दारच अडवतं, त्या वेलमध्ये इन्फेक्शन होताच कामा नये. माझी तीही तितकीच पिवळी होती. म्हणजे मी मोजत होते ते मीच ओतलेलं अँटिजेन. खऱ्या व्हायरसच्या हजारपट आणि त्याहूनही जास्त रिकामे सरफेस कण त्यात असतात, आणि ते चिकटून बसतात.

तेव्हापासून मी पाच वेळा धुते. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवायचं, पेशींवर थेट धार सोडायची नाही. मिरक्लुडेक्स व्हायरसच्या अर्धा तास आधी घालते आणि व्हायरस असेपर्यंत ठेवते. तिसऱ्या दिवशी मीडियम बदलायचं, डीएमएसओ चालूच. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाचं मीडियम मोजायला घ्या. सरफेसपेक्षा ई अँटिजेनवर, लागण झालेल्या पेशी बाहेर सोडतात त्या व्हायरसच्या दुसऱ्या प्रोटीनवर, माझा जास्त भरवसा. तेही ओतलेल्या द्रवातून येऊ शकतं, म्हणून धुण्यात सवलत नाही.

मीडियम काढलं की प्लेट लगेच टाकू नका. पेशी फिक्स करून (रसायनानं आहे तशा गोठवून) कोअर प्रोटीनसाठी, म्हणजे व्हायरसच्या आतल्या कवचाच्या प्रोटीनसाठी, रंगवा. शंभरातल्या किती पेशींना खरंच लागण झाली ते मायक्रोस्कोपखाली मोजता येतं. माझ्या दुसऱ्या खेपेला मिरक्लुडेक्सच्या वेलमध्ये एकही चमकली नाही, आणि शेजारच्या वेलमध्ये मोजता मोजता जेवायची वेळ टळून गेली.