पॉइंटर आत येण्या-जाण्याच्या इव्हेंट हाताळताना या चुका टाळा

बटणावरून पॉइंटर केव्हाच निघून गेलेला असतो आणि बटण मात्र उजळलेलेच राहते, टूलटिप दिसता दिसता नाहीशी होते आणि पुन्हा दिसू लागते, किंवा पॉइंटर पॅनेलच्या मधोमध असतानाच पॅनेलला तो बाहेर गेल्याची सूचना मिळते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. ‘एंटर’ म्हणजे पॉइंटरने आयताची कड ओलांडून आत येणे, ‘लीव्ह’ म्हणजे तीच कड ओलांडून बाहेर जाणे, आणि या दोन इव्हेंट (घडामोडीच्या सूचना) नेहमी जोडीनेच येणार, असे गृहीत धरून कोड लिहिला जातो. वास्तविक विंडो प्रणाली, म्हणजे पडद्यावरच्या विंडो सांभाळणारे सॉफ्टवेअर, एवढेच सांगत असते की या क्षणी पॉइंटर कोणत्या विंडोच्या ताब्यात आहे, आणि हा ताबा पॉइंटर जागचा न हलतासुद्धा बदलू शकतो.

चाइल्ड विंडोवर जाणे म्हणजे बाहेर जाणे नव्हे

सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच आहे. पॅनेलमध्ये (पॅरेंट) एक बटण (त्याचे चाइल्ड) आहे आणि पॉइंटर पॅनेलच्या मोकळ्या जागेवरून त्या बटणावर सरकला, तर पॅनेलला काय कळते, याचे उत्तर प्रत्येक प्रणालीत वेगळे आहे. एक्स११ मध्ये (लिनक्स-युनिक्सवरची विंडो प्रणाली) पॅनेलला लीव्ह-नोटिफाय ही इव्हेंट मिळते, मात्र त्या इव्हेंटच्या ‘डिटेल’ या रकान्यात नोटिफाय-इन्फिरियर असे मूल्य असते, म्हणजे पॉइंटर आपल्याच पोटातल्या विंडोत गेला आहे. हे मूल्य न तपासता लीव्ह मिळताच पॅनेल मिटवणारा कोड बटणाला हात लावू देत नाही. विन३२ मध्ये (विंडोजचा मूळ प्रोग्रामिंग इंटरफेस) चाइल्ड ही स्वतंत्र विंडो असेल तर पॅरेंटला माउस-लीव्ह हा संदेश येतो आणि असा खुलासा करणारा कोणताही रकाना त्यात नसतो. क्यूटी या टूलकिटच्या (तयार घटकांच्या संचाच्या) विजेटमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या घटकांमध्ये, मात्र पॉइंटर चाइल्डवर गेल्याने पॅरेंटचे लीव्ह-इव्हेंट फंक्शन बोलावले जात नाही, त्यामुळे क्यूटीची सवय झालेला प्रोग्रामर दुसरीकडे हमखास अडखळतो.

जावाच्या स्विंग या टूलकिटमधला प्रकार अधिक फसवा आहे. तेथे चाइल्ड घटकावर एकही माउस लिसनर (माउसच्या इव्हेंट ऐकणारा कोड) नसेल तर इव्हेंट सरळ पॅरेंटकडे जातात आणि सारे सुरळीत चालते. मग कोणीतरी त्या लेबलला टूलटिप देतो. टूलटिप देताच लेबलवर आपोआप माउस लिसनर बसतो आणि त्या दिवसापासून पॅरेंटला अवेळी माउस-एक्झिट मिळू लागते. बदल एका ओळीचा असतो आणि दोष भलत्याच फाइलमध्ये शोधला जातो.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय असा की बाहेर गेल्याची इव्हेंट आली की पॉइंटरचा बिंदू अजून पॅनेलच्या आयतात आहे का ते पाहावे आणि असल्यास इव्हेंट सोडून द्यावी. हा उपाय अर्धाच आहे, हे आवर्जून लक्षात घ्यावे. चाइल्ड घटक पॅनेलच्या कडेला चिकटून असेल आणि पॉइंटर त्या चाइल्डवरून थेट बाहेर पडला, तर स्विंगमध्ये किंवा विन३२ मध्ये पॅरेंटला दुसरी सूचना येतच नाही, आणि आधीची आपण टाकून दिलेली असते. एक्स११ मध्ये अशा वेळी पॅरेंटला आणखी एक लीव्ह-नोटिफाय मिळते, म्हणून तेथे नोटिफाय-इन्फिरियर दुर्लक्षित करणे सुरक्षित ठरते. इतरत्र चाइल्ड घटकांच्या इव्हेंटही ऐकाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी ‘पॉइंटर आत्ता कुठे आहे’ या एकाच प्रश्नावरून स्थिती नव्याने ठरवावी लागते. आत आल्यावर एक वाढवणारा आणि बाहेर गेल्यावर एक कमी करणारा काउंटर ठेवू नये, कारण एक इव्हेंट हुकली की तो कायमचा चुकतो.

टीके हे टूलकिट वापरणाऱ्यांनी याची उलट बाजू पाहावी. मुख्य विंडोवर बांधलेली एंटर इव्हेंट तिच्यातील प्रत्येक विजेटसाठीही चालते, कारण विजेटच्या बाइंडटॅगमध्ये (इव्हेंट आल्यावर कोणाकोणाचे हँडलर, म्हणजे उत्तर देणारी फंक्शन, चालवायचे त्या यादीत) मुख्य विंडोचा समावेश असतो. म्हणून हँडलरमध्ये इव्हेंट कोणत्या विजेटची आहे हे आधी तपासावे.

सूचना मागितल्याशिवाय मिळत नाही

विन३२ मध्ये ‘पॉइंटर आत आला’ असा संदेशच नाही. पहिला माउस-मूव्ह संदेश आला की आपणच तो प्रवेश समजायचा आणि त्याच वेळी ट्रॅक-माउस-इव्हेंट हे फंक्शन बोलावून लीव्हची मागणी नोंदवायची. ही मागणी एकदाच पुरते, माउस-लीव्ह आला की ती रद्द होते. विंडो तयार होताना एकदाच नोंदणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये म्हणूनच उजळलेले बटण विझत नाही. जीटीके या टूलकिटच्या आवृत्ती ३ मध्ये लेबलसारख्या घटकांना स्वतःची विंडोच नसते, त्यामुळे त्यांना इव्हेंट-बॉक्समध्ये (स्वतःची विंडो असलेल्या डब्यात) ठेवावे लागते. जीटीके ४ मध्ये हे काम मोशन कंट्रोलरकडे गेले आहे. क्यूटी ६ मध्ये एंटर-इव्हेंट फंक्शनच्या पॅरामीटरचा प्रकार बदलला. जुन्या कोडमध्ये ‘ओव्हरराइड’ (मूळ फंक्शनची जागा घेत असल्याची खूण) हा शब्द लिहिलेला नसेल तर कंपायलर तक्रार करत नाही आणि फंक्शन मात्र कधीच चालत नाही. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरचे टूलकिट) पॅनेलला पार्श्वभूमीच दिलेली नसेल तर त्याच्या रिकाम्या जागेवर पॉइंटर ओळखला जात नाही, पारदर्शक रंग दिला की ओळखला जातो.

बटण दाबलेले असताना

ड्रॅग चालू असताना नेहमीचे नियम लागू राहत नाहीत. वेलँडमध्ये (लिनक्सवरची नवी विंडो प्रणाली) बटण सुटेपर्यंत पॉइंटर सामान्यतः त्याच सरफेसकडे (विंडोच्या पृष्ठभागाकडे) राहतो. मॅकओएसमध्ये ट्रॅकिंग एरियाला (पॉइंटरवर लक्ष ठेवण्याच्या क्षेत्राला) ड्रॅगदरम्यान चालू राहण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. विन३२ मध्ये कॅप्चर घेतल्यावर, म्हणजे माउसचे संदेश आपल्या विंडोकडे वळवल्यावर, विंडोबाहेरचे माउस-मूव्हही आपल्याकडेच येतात, त्यामुळे ‘मूव्ह आला म्हणजे पॉइंटर आत आहे’ हे गृहीतक तेथे मोडते. शिवाय बाहेरचे निर्देशांक ऋण असू शकतात, म्हणून ते चिन्हासहित वाचणारे मॅक्रोच वापरावेत. एक्स११ मध्ये मेनूने पॉइंटर ग्रॅब केला (माउसच्या इव्हेंट स्वतःकडे वळवून घेतल्या) की पॉइंटर स्थिर असूनही लीव्ह येते. अशा इव्हेंटचा ‘मोड’ नोटिफाय-ग्रॅब असतो आणि ती खऱ्या हालचालीपेक्षा वेगळी हाताळावी लागते.

लुकलुकणारी टूलटिप

पॉपअप पॉइंटरच्या अगदी खाली उघडला की तोच पॉइंटरचा ताबा घेतो, मूळ विजेटला लीव्ह मिळते, पॉपअप बंद होतो, पुन्हा एंटर येते आणि हे चक्र थांबत नाही. पॉपअप काही पिक्सेल बाजूला उघडावा किंवा माउस इव्हेंट त्याच्यातून आरपार जाऊ द्याव्यात. केवळ टायमर लावून विलंब वाढवल्याने चक्र मंदावते, तुटत नाही. पॉइंटर आला की आकार किंवा जागा बदलणाऱ्या बटणातही हेच घडते, म्हणून पॉइंटर ओळखण्याचे क्षेत्र स्थिर ठेवून फक्त आतले चित्र बदलणे योग्य.

शोध घेताना

विजेट लपवणे, काढून टाकणे, निष्क्रिय करणे किंवा त्याच्यासमोर मोडल संवाद (बंद होईपर्यंत बाकीच्या विंडो अडवणारा) उघडणे, या प्रत्येक ठिकाणी उजळलेली स्थिती स्वतःहून पुसावी, लीव्हची वाट पाहू नये. तसेच स्क्रोल केल्यावर पॉइंटरखालचा मजकूर बदलतो, तेव्हाही स्थिती नव्याने तपासावी. डीबगरचा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरलेल्या ओळीवर थांबवणारी खूण) येथे दिशाभूल करतो, कारण डीबगरची विंडो पुढे येताच खरोखरच लीव्ह घडते, आणि एक्स११ मध्ये ग्रॅब चालू असताना प्रोग्राम थांबला तर माउसच अडकून बसतो. त्याऐवजी प्रत्येक इव्हेंटची एक ओळ लॉगमध्ये लिहावी. तिच्यात वेळ, विंडोची ओळख, निर्देशांक आणि दाबलेली बटणे असावीत, तर एक्स११ मध्ये मोड व डिटेल हेही असावेत. एक्स११ वर झेव्ह आणि विंडोजवर स्पाय++ ही साधने हेच प्रवाह दाखवतात, त्यामुळे इव्हेंट प्रणालीकडूनच आली नाही की आपल्या हँडलरने ती गमावली, हे आधी ठरवता येते.