पर्यटन संशोधनाचा आढावा घेताना भाषेचा पक्षपात कसा टाळावा

फक्त स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे संशोधन-लेखांचे मोठे डेटाबेस चाळले, की इंग्रजीबाहेरचं बरंच लेखन सुटतं. स्पॅनिश-पोर्तुगीजसाठी सायलो, चिनीसाठी सीएनकेआय, जपानीसाठी जे-स्टेज हे डेटाबेसही पाहा. शोधशब्द यंत्राकडून भाषांतरित करून घेऊ नका. त्या भाषेतल्या चार-पाच लेखांखालचे बीजशब्द (कीवर्ड) उचला. नाहीतर हाती काहीच लागत नाही आणि ‘या विषयावर संशोधनच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

खरी गळती मात्र पुढे होते. सारांश इंग्रजीत असल्यामुळे लेख सापडतो, पण मूळ मजकूर वाचता येत नाही म्हणून तो बाजूला पडतो. असे लेख प्रिझ्मा आकृतीत (किती लेख सापडले, किती आणि का वगळले हे दाखवणाऱ्या आकृतीत) ‘भाषेमुळे वगळले’ असं स्पष्ट लिहून भाषानिहाय मोजा. संख्या मोठी असेल तर त्या भाषेचा जाणकार सोबत घ्या, तोही सहलेखक म्हणून. नुसते आभार मानणं अन्यायाचं आहे.