मोसंबीच्या सालीतलं पेक्टिन: दुसऱ्या खेपेला जमलं

स्ट्रॉबेरी जॅम पातळ होतो म्हणून मोसंबीच्या सालींतून पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) काढायला बसले. कोरडा भुगा लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात टाकून थेट पाच मिनिटं मायक्रोवेव्ह लावला. सगळं उतू गेलं, काचेची थाळी चिकट! उरलेला चमचाभर अर्क गार करून, पेक्टिन उतरलंय का ते बघायला स्पिरिटमध्ये टाकला (भरपूर असेल तर गोळा होतो), तर नुसते तुरळक धागे.

मग डोक्यात प्रकाश पडला. मायक्रोवेव्ह मुख्यतः पाणी तापवतो. पेशींतच पाणी मुरलं, तर त्या आतून फुटतात. शिवाय आंबट पाण्यात फार उकळलं की पेक्टिनच तुटतं.

दुसऱ्यांदा भुगा तासभर भिजवला, भांडं निम्मंच भरलं, तीस-तीस सेकंद लावून मध्ये ढवळलं. स्पिरिटमध्ये चक्क जेलीसारखा गोळा! (स्पिरिटमध्ये टाकलेला तो अर्क फेकायचा. आणि स्पिरिट मायक्रोवेव्हजवळ मुळीच नेऊ नका.)