जर्मन टीमबरोबर काम: चाकण-हिंजवडीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या इंजिनिअरिंग सेंटरमध्ये नोकरी लागली आणि पलीकडची टीम श्टुटगार्टला किंवा वोल्फ्सबुर्गला बसते असं कळलं, की बहुतेक मुलं आधी जर्मनच्या क्लासची चौकशी करतात. क्लास जरूर लावावा. पण पहिल्या वर्षात जे घोळ होतात ते जर्मन व्याकरणावरून होत नाहीत. रोजचं काम इंग्रजीत चालतं आणि ती दोन्हीकडच्यांना परकीच असते. घोळ होतो तो एकाच ठिकाणी: काम अडलंय हे कधी सांगायचं आणि कसं.

आपल्याकडचा रिवाज असा, की अडचण आली तर आधी गुपचूप स्वतः निस्तरून बघायची आणि अगदीच हाताबाहेर गेली तर साहेबांच्या कानावर घालायची. तोंडावर "जमणार नाही" म्हणणं उद्धटपणाचं. म्हणून "बघतो", "प्रयत्न करतो", "होऊन जाईल" असं म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने सुरावरून काय ते ताडायचं. मराठी माणूस ताडतोही. हीच वाक्यं इंग्रजीत कॉलवर गेली की सूर गळतो, शब्द तेवढे उरतात. पलीकडचा माणूस "होऊन जाईल" ऐकून आपल्या तक्त्यात तारीख टाकतो आणि त्या तारखेच्या भरवशावर पुढच्या दोन विभागांची कामं लावतो. शुक्रवारी काम आलं नाही, तर उशीर झाल्याचा राग तो एकवेळ गिळेल. पण बुधवारीच माहीत असून सांगितलं नाही, हे तो विसरत नाही.

या फरकाचा अभ्यासकांनीही विचार केला आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी सत्तरच्या दशकात मांडलं, की काही समाजांत अर्थ उच्चारलेल्या शब्दांत असतो, तर काहींत तो प्रसंगात आणि नात्यात मुरलेला असतो. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीपासून सुरुवात करून देशांना गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक कितपत गृहीत धरतात या मोजपट्टीवर भारत 77, जर्मनी 35. कंपन्यांच्या प्रशिक्षणात हे आकडे हमखास दाखवतात. ते सरासरीचे आहेत आणि जुनेही. शिवाय तिकडच्या टीममध्ये तुर्की असतो, पोलिश असतो आणि एखादा सांगलीकरही असू शकतो. आकडे बघावेत आणि पुढे जावं.

पहिली परीक्षा होते ती साप्ताहिक रिपोर्टात. प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्यायचा असतो. आपली मंडळी पिवळा द्यायला कचरतात, कारण तो कमीपणाचा वाटतो. मग आठवडेच्या आठवडे हिरवा चालतो आणि एक दिवस थेट लाल होतो. प्रोजेक्टवाल्यांत अशा रिपोर्टाला कलिंगड म्हणतात. जर्मन मॅनेजरच्या लेखी पिवळ्याचा अर्थ एवढाच, की इथे लक्ष द्यायला हवं आणि अजून वेळ हातात आहे. पिवळा वेळेवर आला तर तो टेस्ट बेंचचा स्लॉट बदलून देऊ शकतो, दुसरा सप्लायर सुचवू शकतो. लाल आल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

अडचण कळवणारी मेल कशी असावी, ते एका नमुन्यावरून बघा. नवखा माणूस लिहितो: "काही अनपेक्षित अडचणींमुळे चाचणीला थोडा उशीर होत आहे. टीम जोमाने प्रयत्न करत आहे. लवकरात लवकर पूर्ण करू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." चारही वाक्यं सभ्य आहेत, पण यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. तीच मेल अशी हवी: "कंपन चाचणी शुक्रवार 14.11. ऐवजी बुधवार 19.11. रोजी पूर्ण होईल. कारण: 40 पैकी 12 नमुने सप्लायरकडून आलेले नाहीत, ते 17.11. ला येतील. 28 नमुन्यांची चाचणी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी संपेल. पर्याय अ: 28 वर अंतरिम अहवाल देतो, उरलेला भाग बुधवारी. पर्याय ब: सगळा अहवाल एकदम बुधवारी. कोणता हवा ते गुरुवारी तुमच्या 12 वाजेपर्यंत कळवा. उत्तर नाही आलं तर अ धरून पुढे जातो." परिणाम पहिल्या ओळीत, कारण दुसऱ्या, मग पर्याय आणि निर्णयाची मुदत. माफी नाही मागितली तरी चालते. "थोडा", "लवकरच", "साधारण", "जवळजवळ झालंय" हे शब्द मेल पाठवण्यापूर्वी शोधून काढावेत आणि प्रत्येकाच्या जागी तारीख किंवा आकडा बसवावा. "90 टक्के झालं" हेसुद्धा फसवं असतं. कोणती दहापैकी नऊ कामं झाली ते लिहा.

गुणवत्ता विभागात लागलात तर हाच धडा एट-डी रिपोर्टमध्ये जास्त कडकपणे मिळतो. ग्राहकाकडे खराब माल गेला की आठ टप्प्यांचा हा अहवाल द्यावा लागतो. डी-1 मध्ये टीम, डी-2 मध्ये दोषाचं वर्णन, डी-3 तातडीचा बंदोबस्त, डी-4 मूळ कारण, डी-5 आणि डी-6 उपाय ठरवणं आणि अमलात आणणं, डी-7 पुन्हा होऊ नये म्हणून व्यवस्थेत बदल, डी-8 समारोप. डी-3 बहुतेक ग्राहक 24 तासांत मागतात आणि तो द्यावाच, मूळ कारण सापडलेलं नसलं तरी. "सविस्तर तपास करून कळवतो" म्हणून तीन दिवस गप्प बसणं ही इथली नेहमीची चूक. तोवर पलीकडे लाइनवर तोच माल बसत असतो. गोदामातला, वाटेतला, ग्राहकाच्या दारातला असा तिन्ही ठिकाणचा साठा मोजून, किती नग वेगळे काढले ते लिहायचं.

डी-2 मध्ये "बोअर मापात नाही" असं लिहून भागत नाही (बोअर म्हणजे भागातलं गोल छिद्र). "बोअरचा व्यास 12.08 मिमी मिळाला, ड्रॉइंगवर 12.00 ते 12.05, 500 पैकी 7 नग, सगळे एकाच तारखेच्या दुसऱ्या शिफ्टचे" असं हवं. आणि डी-4 मध्ये "ऑपरेटरची चूक" व त्यावर उपाय म्हणून "ऑपरेटरला समज दिली" असं लिहिलंत, की अहवाल परत आलाच म्हणून समजा. आपल्याला वाटतं, दोषी सापडला, प्रकरण मिटलं. तिकडे विचारतात: ऑपरेटर चुकू शकला, हे कशामुळे शक्य झालं? इन्सर्ट (मशिनचं कापणारं टोक) किती नगांनंतर बदलायचा हे कुठे लिहिलं होतं का? गेज (माप तपासायचं साधन) किती नगांनी लावतात, दर 50 की दर 200? दोष निर्माण का झाला आणि तो आपल्याच दारात पकडला का गेला नाही, या दोन्हींची "का, का" अशी स्वतंत्र साखळी लागते. दुसरी साखळी नवखे लोक हमखास विसरतात.

उलट बाजूने टीका येते तेव्हा मन घट्ट ठेवावं लागतं. वीस जणांच्या कॉलवर "हे चूक आहे" असं सरळ म्हटलं जातं. प्रस्तावना नाही, "छान प्रयत्न, पण" नाही. ते म्हणणं तुमच्या गणिताबद्दल असतं, आणि तासाभराने तोच माणूस कॉफी मशिनपाशी हसून बोलतो. कौतुकाची वाटही बघू नये. श्टुटगार्टच्या श्वाबेन भागातली म्हणच आहे, की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक केलं. टीकेला उत्तर देताना "हो सर, हो सर" करू नका. पटलं नसेल तर मापं आणि कारण देऊन "मला हे पटत नाही" म्हणा. तिथे वाद घालणारा ज्युनिअर चालतो. सगळ्याला मान डोलावून नंतर वेगळंच करणारा मात्र चालत नाही. डोलावण्यावरून आठवलं: आपली ती आडवी-तिरपी मान हो आहे की नाही, हे कॅमेऱ्यावर त्यांना कळत नाही. तोंडाने बोला. आणि शंका विचारताना "आय हॅव अ डाउट" म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. सरळ "माझा एक प्रश्न आहे" म्हणा.

निर्णय बैठकीत झाला, की तो बैठकीच्या टिपणात येतो: काय, कोण, कधीपर्यंत. ते टिपण आलं की 24 तासांत वाचा आणि तुमच्या नावापुढची तारीख जमणारी नसेल तर तेव्हाच सांगा. नंतर तो विषय उकरून काढला तर कोणी ऐकत नाही. सीसीबद्दलही जपून राहा. आपण साहेबांना सीसीत ठेवतो ते अदबीने, "त्यांना माहीत असावं" म्हणून. जर्मन सहकाऱ्याच्या साहेबांना तुम्ही आपणहून सीसीत घातलं, तर त्याला ती तक्रार वाटते. आधी त्याच्याशी थेट बोला, फोन करा. उत्तर नाहीच आलं, तर "आता वर कळवतो" असं त्याला सांगून मग वर जा. आणि कॉल न विचारता कधीच रेकॉर्ड करू नका; परवानगीशिवाय कोणाचं खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे.

आकड्यांचे खड्डे वेगळेच. जर्मन लिखाणात दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब: 0,05 म्हणजे आपलं 0.05, आणि 1.500 म्हणजे दीड हजार. जर्मन सेटिंगच्या एक्सेलमध्ये 3.5 टाइप केलं तर ते 3 मे होऊन बसतं, म्हणून सीएसव्ही फाइल पाठवताना दशांशाचं चिन्ह कोणतं ते मेलमध्ये लिहा. हाताने लिहिलेल्या 1 ला लांब शेंडी असते, तो 7 वाटतो. खऱ्या 7 ला मध्ये आडवी रेघ असते. लाख-कोटी तिकडे कोणाला कळत नाहीत, 2,50,000 असा स्वल्पविरामही गोंधळात टाकतो. नियोजन आठवड्यांच्या क्रमांकांनी चालतं: वर नमुन्यात दिलेला 14 नोव्हेंबर, तो शुक्रवार असेल त्या वर्षी, 46 व्या आठवड्यात येतो. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि 4 जानेवारी ज्यात येते तो पहिला. आउटलुकमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. इंग्रजी बोलताना एखादा जर्मन "हाफ थ्री" म्हणाला तर तो बहुधा अडीच म्हणत असतो, साडेतीन नाही. विचारून घ्या.

वेळेचं गणित: उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, आणि त्यानंतरच्या सोमवारी पुण्यातली निम्मी टीम एक तास चुकते. तिकडचे लोक सात-आठला येतात, चारला निघतात, आणि शुक्रवारी दुपारी दोननंतर कोणी सापडत नाही. दोन कामकाजाच्या दिवसांमध्ये 11 तासांची विश्रांती तिथल्या कायद्यातच आहे, त्यामुळे रात्रीच्या मेलला उत्तर नाही आलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात: 31 ऑक्टोबरला वोल्फ्सबुर्ग बंद आणि श्टुटगार्ट चालू, 1 नोव्हेंबरला नेमकं उलट. ऑगस्टमध्ये आणि नाताळपासून नवीन वर्षापर्यंत मंजुरीची कामं ठेवू नयेत. गणपती-दिवाळीच्या तारखा तुम्हीही जानेवारीतच सामाईक कॅलेंडरवर टाका. ऐनवेळी सांगितलेली सुट्टी तिकडे आजारपणाइतकीच अनपेक्षित वाटते.

भेटीगाठींचे नियम थोडेच. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात; केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो. इंग्रजीत पहिल्या नावाने हाक मारणारा माणूस जर्मन बोलायला लागला की आडनावावर आणि अहो-जाहोवर जाऊ शकतो. अरे-तुरेवर यायचं निमंत्रण मोठ्या माणसाने द्यायचं असतं, धाकट्याने नाही.

जपानी कंपनीत लागलात तर यातलं बरंच उलटं करावं लागेल. तिथे "विचार करून बघतो" हे बऱ्याचदा नकाराचंच असतं, म्हणजे आपल्या "बघतो"च्या बरंच जवळचं. निर्णय बैठकीत होत नाही, त्याआधी एकेकाला भेटून जमीन तयार केलेली असते. वाईट बातमी लवकर सांगण्याचा नियम मात्र तिथेही तितकाच कडक आहे.

आता क्लास. पुण्यात बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, हे दोन जुने पर्याय. भाषेच्या पातळ्या ए-1 पासून चढत जातात: ए-1 वर नमस्कार-चमत्कार आणि आकडे येतात, ए-2 वर साधी मेल वाचता येते, बी-1 नंतर कॅन्टीनमधल्या गप्पा कळायला लागतात. तांत्रिक चर्चा जर्मनमधून पेलायला बी-2 तरी लागतं, तोवर तारखा, मापं आणि निर्णय इंग्रजीतच ठेवा. क्लासमध्ये न शिकवली जाणारी एक यादी स्वतः करा: तुमच्या विभागाच्या जुन्या ड्रॉइंगवरचे जर्मन शब्द. मासश्टाब म्हणजे स्केल, वेर्कश्टॉफ म्हणजे मटेरियल, ओबरफ्लेखे म्हणजे पृष्ठभाग, श्निट म्हणजे छेद. असे साठ-सत्तर शब्द झाले की अर्धं ड्रॉइंग कोणाला न विचारता वाचता येतं.