सर्व्हरचं सर्टिफिकेट डीएनएसमधून कसं पडताळायचं?

ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की आपण निश्चिंत होतो. त्यामागचा हिशेब मात्र जरा भोळा आहे. आपल्या कॉम्प्युटरमध्ये सर्टिफिकेट अथॉरिटींची (सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थांची) एक लांबलचक यादी आधीच भरलेली असते आणि त्यातल्या कोणीही सही केलेली असली की सर्टिफिकेट चालतं. यादीतली एक अथॉरिटी फुटली की कोणाच्याही नावाचं खोटं सर्टिफिकेट निघू शकतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या अथॉरिटीत घुसखोरी झाली आणि ५०० हून अधिक बनावट सर्टिफिकेटं निघाली. गुगलच्या नावाचं एक तर इराणमधल्या लोकांवर वापरलंही गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात डिजिनोटारचं दिवाळं निघालं.

डेन, म्हणजे डीएनएसमधून सर्टिफिकेट पडताळण्याची पद्धत, हा त्यावरचा एक उतारा. ऑगस्ट २०१२ मध्ये आरएफसी ६६९८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजातून तो आला. डोमेनच्या मालकानं आपल्याच डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) लिहून ठेवायचं: माझ्या सर्व्हरची ‘की’ (सर्टिफिकेटमधली डिजिटल किल्ली) ही अशी आहे. दुसरी कोणी दाखवली तर मानू नका. या नोंदीला टीएलएसए रेकॉर्ड म्हणतात आणि तिच्यावर डीएनएससेकची (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याच्या व्यवस्थेची) सही असते. ब्राउझर ही नोंद बघत नाहीत, पण मेल सर्व्हर बघतात. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरला २०१४ पासून हे जमतं. म्हणजे मेल सर्व्हर चालवणाऱ्याला हे तपासता आलंच पाहिजे.

एक सूचना आधीच. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. ‘होस्टनाव’ असेल तिथे तुमच्या सर्व्हरचं पूर्ण नाव घाला.

तयारी

दोन हत्यारं लागतील. पहिलं डेल्व्ह (डी-ई-एल-व्ही). ते बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या साधनांसोबत येतं, त्यामुळे तुमच्याकडे डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा) असेल तर बहुधा डेल्व्हही असेल. दुसरं डेनटूल, हे जीएनयूटीएलएस या एन्क्रिप्शन लायब्ररीचं. डेबियन आणि उबुंटूवर ते ‘जीएनयूटीएलएस-बिन’ या पॅकेजमध्ये मिळतं. डीएनएससेकच्या सह्यांची साखळी डीएनएसच्या सर्वांत वरच्या पातळीच्या, म्हणजे रूट झोनच्या, कीपासून सुरू होते आणि ती की डेनटूलला हाताशी लागते. ती नसेल तर ‘अनबाउंड-अँकर’ ही आज्ञा ती आणून ठेवते.

आधी सही, मग सर्टिफिकेट

बहुतेक जण इथेच घाई करतात आणि थेट सर्टिफिकेट जुळवायला बसतात. पण ज्या नोंदीशी जुळवायचं तीच मध्ये कोणी बदललेली असेल तर जुळून उपयोग काय? म्हणून पहिली आज्ञा ही:

डेल्व्ह _४४३._टीसीपी.होस्टनाव टीएलएसए

नावाच्या सुरुवातीचे अंडरस्कोर विसरू नका. पोर्ट आणि प्रोटोकॉल नावातच गुंफलेले असतात, त्यामुळे ४४३ ची (वेब) नोंद वेगळी आणि २५ ची (मेल) वेगळी. उत्तराच्या वर ‘फुली व्हॅलिडेटेड’ असं आलं तर रूटपासून इथपर्यंत सगळ्या सह्या पटल्या. ‘अनसाइन्ड आन्सर’ आलं तर त्या डोमेनवर डीएनएससेक नाही. नोंद दिसत असली तरी तिला काडीची किंमत नाही. ‘निगेटिव्ह रिस्पॉन्स, फुली व्हॅलिडेटेड’ याचा अर्थ नोंदच नाही, आणि नाही हेही सहीनिशी सांगितलंय.

हेच काम डिगनं होत नाही का? होतं, पण अर्धवट. डिगच्या उत्तरात ‘एडी’ हा फ्लॅग दिसतो, तो म्हणजे तुमच्या रिझॉल्व्हरनं (तुमच्यासाठी डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरनं) दिलेली ग्वाही. रिझॉल्व्हर दूर कुठेतरी असेल तर वाटेत कोणीही तो फ्लॅग घुसडू शकतो. डेल्व्ह मात्र सह्या स्वतः, तुमच्याच मशीनवर तपासतं.

नोंद वाचायची कशी

उत्तरात तीन छोटे आकडे आणि मागे हेक्स अक्षरांची लांब माळ दिसेल. सर्वांत जास्त दिसणारं त्रिकूट ३ १ १. पहिला ३ म्हणजे थेट या सर्व्हरचीच की, कोणत्याही अथॉरिटीची गरज नाही. मधला १ म्हणजे पूर्ण सर्टिफिकेट न घेता फक्त पब्लिक की घेतली. शेवटचा १ म्हणजे तिचा एसएचए-२५६ हॅश (ठरावीक लांबीचा ठसा), म्हणून माळ ६४ अक्षरांची. पहिला आकडा २ असेल तर नोंद सर्व्हरची नसून त्याला सर्टिफिकेट देणाऱ्या अथॉरिटीची असते.

३ ची एक गंमत आहे. आरएफसी ७६७१ नुसार त्यात सर्टिफिकेटवरचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही बघायची नसतात; की जुळली की झालं. स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेटही त्यामुळे चालतं. ब्राउझरची सवय लागलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

आता जुळवणी

डेनटूल --चेक होस्टनाव --पोर्ट ४४३

डेनटूल सर्व्हरशी जोडणी करून सर्टिफिकेट आणतं, डीएनएसमधून नोंद काढतं, तिची सही तपासतं आणि दोन्ही समोरासमोर ठेवतं. ‘सर्टिफिकेट मॅचेस’ आलं की काम झालं. तुम्हाला ‘इनसिक्युअर’ हा पर्यायही सापडेल. तो डीएनएससेकची तपासणीच बंद करतो. गडबड शोधताना ठीक, त्यावर निकाल देऊ नका.

मेल सर्व्हरसाठी आज्ञा थोडी बदलते:

डेनटूल --चेक होस्टनाव --पोर्ट २५ --स्टार्टटीएलएस-प्रोटो=एसएमटीपी

इथे होस्टनाव म्हणजे ईमेल पत्त्यातलं ‘@’ नंतरचं डोमेन नव्हे. आधी त्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणता सर्व्हर घेतो ते सांगणारी डीएनएस नोंद) बघा. त्यात आलेलं नाव इथे घालायचं, कारण टीएलएसए नोंद त्याच नावाखाली असते. डोमेनला एकापेक्षा जास्त एमएक्स असतील तर प्रत्येकाची तपासणी वेगळी. आज्ञा नुसतीच लटकून राहिली तर सर्व्हरला दोष देण्याआधी स्वतःची लाइन बघा. घरगुती इंटरनेटवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बऱ्याचदा बंद केलेला असतो.

जुळलं नाही तर?

‘द सर्टिफिकेट डिफर्स’ असं दिसल्यावर हल्लाच झाला असेल असं नाही. बहुतेक वेळा सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालेलं असतं आणि डीएनएसला कोणी कळवलेलं नसतं. माझ्याकडूनही हे झालंय: सर्टबॉटनं (सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या प्रोग्रामनं) रात्री सर्टिफिकेट बदललं, सोबत कीही नवी घेतली, नोंद जुनीच राहिली. वेबसाइट छान उघडत होती, त्यामुळे काही बिघडलंय हे कळलंच नाही. काही ठिकाणांहून मेल मात्र येईना; पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या रांगेत तो अडकून पडला होता.

यावर सोपा तोडगा म्हणजे सर्टबॉटला ‘--रीयूज-की’ सांगणं. की तीच राहिली की ३ १ १ ची नोंदही तीच राहते. की बदलायचीच असेल तर जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद टाका, टीटीएलच्या (नोंद इतरांच्या कॅशमध्ये राहू शकते त्या काळाच्या) निदान दुप्पट वेळ थांबा, मग सर्व्हरवर नवं सर्टिफिकेट चढवा आणि जुनी नोंद सर्वांत शेवटी काढा. नवी नोंद डेनटूल स्वतःच लिहून देतं:

डेनटूल --टीएलएसए-आरआर --होस्ट होस्टनाव --पोर्ट २५ --लोड-सर्टिफिकेट नवी-फाइल.पेम

काही वेगळं सांगितलं नाही तर त्यातून ३ १ १ चीच ओळ निघते. पोर्ट लिहायला विसरलात तर ती ४४३ साठी निघेल. ओळ झोन फाइलमध्ये (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या फाइलमध्ये) चिकटवा, झोनवर पुन्हा सही होऊ द्या आणि डेल्व्ह चालवून दोन्ही नोंदी ‘फुली व्हॅलिडेटेड’ येतात का बघा. त्या तशा आल्याशिवाय नवं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवू नका.