नको त्या फायली फोल्डरमधे दिसू नयेत म्हणून काय करायचं

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधे "अमुक एक्सटेन्शनच्या फायली दाखवू नको" अशी सेटिंगच नाहीये, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्ही फोल्डर ऑप्शन्समधे ती शोधत बसणार नाही. तिथे "हाइड एक्सटेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स" म्हणून जे असतं त्याने फाइल लपत नाही, नावातल्या शेवटच्या डॉटनंतरची शेपटी (तेच एक्सटेन्शन) तेवढी लपते, आणि ते बंदच ठेवलेलं बरं, कारण चालू असलं की बिल.पीडीएफ.ईएक्सई अशी व्हायरसवाली फाइल तुम्हाला बिल.पीडीएफ दिसते आणि माणूस बिनधास्त डबल क्लिक करतो. विंडोज ११ मधे व्ह्यू, मग शो, तिथे फाइल नेम एक्सटेन्शन्सवर टिक करा आणि त्याच्याच शेजारच्या हिडन आयटम्सची टिक काढा, ती का ते पुढे येतंच. विंडोज १० ला दोन्ही व्ह्यू टॅबवर समोरच आहेत.

उदाहरण आमच्या बडोद्याचंच घेतो. रावपुरा, दांडिया बाजार या भागात पत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड करणाऱ्यांचं कोरलड्रॉशिवाय पान हलत नाही, आणि कोरलड्रॉची सवय अशी की फाइल सेव्ह केली की आधीची कॉपी त्याच फोल्डरमधे बॅकअप_ऑफ_ असं नाव लावून ठेवून देतं. म्हणजे पत्रिका_मराठी.सीडीआर, पत्रिका_गुजराती.सीडीआर आणि त्या दोघींच्या बॅकअप_ऑफ_ वाल्या, आयकॉन तोच, एक्सटेन्शन तेच. लग्नसराईत असे फोल्डर नुसते फुगतात, घाईत कोणीतरी बॅकअपवाली उघडतं, प्रूफमधे बदललेला मुहूर्त परत जुना होऊन छापला जातो आणि मग मुलीचे काका काउंटरवर उभे, "भाई, आ तो जूनो टाइम छे!" ऑटोकॅडवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणाऱ्यांचं, जरा सोपं, त्यांचा बॅकअप .बीएके असतो, निदान शेपटी तरी वेगळी.

तात्पुरतं लपवायचं असेल तर फोल्डर डिटेल्स व्ह्यूमधे ठेवा, वर टाइप लिहिलेल्या कॉलमवर माउस नेला की उजव्या कडेला बारीकसा बाण येतो, तो दाबला की त्या फोल्डरमधल्या फायलींचे प्रकार टिकसकट दिसतात, हवे त्यांनाच टिक करा, बाकीचे गायब. फोल्डरमधून बाहेर पडलात की हे सगळं विसरलं जातं. आणि कोरलच्या भानगडीत याचा काडीचा उपयोग नाही कारण प्रकार दोघांचा एकच, नेम कॉलमच्या बाणात तर अक्षरांचे गट तेवढे मिळतात. सर्च बॉक्समधे कॅपिटल अक्षरांत नॉट, स्पेस, मग एक्स्ट:बीएके असं इंग्रजीत टाकलं तर .बीएके सोडून बाकी सगळं येतं, फक्त ते आतल्या सबफोल्डरमधलंही उचकून आणतं, त्यामुळे मोठ्या फोल्डरवर जत्राच भरते.

कायमचं करायचं तर अ‍ॅट्रिब. विंडोज फाइल लपवतो ती तिच्यावरचा हिडन हा शिक्का बघून, एक्सटेन्शन बघून नाही, आणि अ‍ॅट्रिब ही कमांड तो शिक्का एकदम शेकडो फायलींवर मारते. ज्या फोल्डरमधे काम आहे तो उघडा, वरच्या अ‍ॅड्रेस बारमधे क्लिक करून सीएमडी टाइप करून एंटर मारा, काळी खिडकी त्याच फोल्डरमधे उघडते. आता फोनवर सांगतात तसं सांगतो, सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं: अ‍ॅट्रिब, स्पेस, प्लस एच, स्पेस, स्टार डॉट बीएके, स्पेस, स्लॅश एस. म्हणजे दिसायला असं:

अ‍ॅट्रिब +एच *.बीएके /एस

स्लॅश एस म्हणजे आतले सबफोल्डरसुद्धा. कोरलसाठी *.बीएके च्या जागी बॅकअप_ऑफ_*.सीडीआर टाका, इथे नावावरून पकडता येतं ही खरी मजा. परत दाखवायच्या असतील तर तीच ओळ, प्लसच्या जागी मायनस. सी ड्राइव्हच्या मुळाशी उभं राहून हे चालवू नका, कामाच्या फोल्डरमधेच जाऊन करा.

यात दोन गोची आहेत. एक, उद्या नवीन बॅकअप बनला की त्याच्यावर शिक्का नसतो, तो परत दिसायला लागतो. त्यासाठी हीच ओळ फोल्डरच्या पूर्ण पत्त्यासकट नोटपॅडमधे लिहून डॉट बॅट नावाने सेव्ह करा आणि विंडोज की व आर दाबून शेल:स्टार्टअप टाकलं की जो फोल्डर उघडतो त्यात ठेवा, लॉगिन झालं की आपोआप चालेल. पत्त्यात कुठे स्पेस असेल तर तो डबल कोट्समधे घाला. दुसरी गोची जास्त त्रासाची, काही प्रोग्रॅम हिडन फाइलच्या डोक्यावर नवीन लिहायला गेले की विंडोज त्यांना अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणतं. म्हणून ज्या फायली प्रोग्रॅम सारखा बदलत असतो त्यांच्यावर हा शिक्का मारायच्या आधी एका फाइलवर करून बघा, सेव्ह नीट होतंय ना, मग बाकीच्यांवर.

माझ्या मते रोज फायलींशीच झटापट असेल तर एक्सप्लोररच्या नादी लागूच नका, डबल कमांडर नावाचा दुसरा फाइल मॅनेजर टाका, फुकट आहे. त्याच्या ऑप्शन्समधे इग्नोर लिस्ट असं पान आहे, ते चालू करायचं आणि एकेका ओळीवर पॅटर्न लिहायचा, *.बीएके, बॅकअप_ऑफ_*, संपलं. फाइलवर शिक्का वगैरे काही नाही, आजची असो की उद्याची, नाव जुळलं की दिसत नाही. टोटल कमांडरमधेही अगदी हेच आहे, तो जुना, १९९३ पासूनचा, तेव्हा नाव विंडोज कमांडर होतं, पण तो शेअरवेअर, लायसन्स घ्यावं लागतं. दोन खाने शेजारी शेजारी बघून पहिल्यांदा डोकं फिरतं, पण हात बसतो.

लपवलेलं म्हणजे डिलीट केलेलं नाही हे कॉपी करताना फार नडतं. एक्सप्लोररमधे फोल्डरच्या आत जाऊन कंट्रोल ए करून फायली पेन ड्राइव्हवर टाकल्या तर हिडनवाल्या निवडल्याच जात नाहीत, पण अख्खा फोल्डर उचलून टाकला तर त्या सगळ्या निमूटपणे सोबत जातात, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर हिडन आयटम्स चालू असेल तर त्याला फिकट फिकट दिसतात. फोल्डर डिलीट केला तरी आतल्या लपलेल्या त्याच्यासोबतच जातात. जागा तर त्या खातातच, म्हणून हार्ड डिस्क भरली की प्रॉपर्टीजमधला आकडा बघा, डोळ्यांना दिसतंय त्यावर जाऊ नका.

मॅकवाल्या डिझायनरने पेन ड्राइव्ह दिला की त्यात डॉट अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या छोट्या छोट्या फायली सापडतात, बाकी नाव आणि एक्सटेन्शन मूळ फाइलचंच. मॅकवर नावाच्या सुरुवातीला डॉट म्हणजे लपलेली, विंडोजला त्या डॉटचं काही देणंघेणं नाही म्हणून इकडे त्या उघड्यावर. उघडायला गेलं तर उघडत नाहीत आणि गिऱ्हाईक म्हणतं फाइल करप्ट आहे. त्यांनाही अ‍ॅट्रिब, पॅटर्न ._* असा.

लिनक्स असेल, म्हणजे आमच्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतली पोरं लेटेक या टाइपसेटिंगच्या प्रोग्रॅममधे प्रोजेक्ट लिहितात आणि .ऑक्स, .लॉगचा कचरा होतो, तर त्या फोल्डरमधे .हिडन नावाची टेक्स्ट फाइल बनवा आणि एका ओळीला एक अशी फायलींची पूर्ण नावं लिहा, ग्नोम डेस्कटॉपच्या फाइल्स या फाइल मॅनेजरमधे एफ ५ मारलं की गेल्या. स्टार इथे चालत नाही, नावं पूर्णच हवीत. परत बघायला कंट्रोल एच.

अँड्रॉइड मोबाइलवर फोल्डरमधे .नोमीडिया नावाची रिकामी फाइल टाकली की त्यातले फोटो, व्हिडिओ गॅलरीत येत नाहीत, फाइल मॅनेजरमधे मात्र दिसणारच, त्यामुळे घरच्यांपासून काही लपवायचं असेल तर हा उपाय धरू नका.